कुंदा गिऱ्हाईक होते

दिवाळी उलटून आठ दिवस झाले आणि धुआँधार धबधब्याकडे उतरणाऱ्या वाटेवर माणसं आली, चुन्याची पट्टी ओढून गेली. पट्टीच्या आतली सगळी दुकानं संक्रांतीपर्यंत उठणार, वाट रुंद होणार, हे समजायला कुणी शिकलेलं असावं लागत नाही. कुंदाचं दुकान अख्खंच्या अख्खं पट्टीच्या आत होतं. दुकान म्हणजे तरी काय, चार बांबू, वर निळी ताडपत्री, खाली फळ्यांची उतरंड, आणि तिच्यावर दगडाचे हत्ती, कासवं, नंदी, दिवे, कुंकवाच्या डब्या. पण बावीस वर्षं ती त्या फळ्यांमागे बसली होती. लग्न होऊन आली त्याच्या तिसऱ्या महिन्यात सासूने तिला तिथे बसवलं आणि ती बसली ती बसलीच. भेडाघाटात तिला कुणी नीलकंठची बायको म्हणून ओळखत नव्हतं. उलट नीलकंठलाच लोक दुकानवाल्या कुंदाबाईचा नवरा म्हणत, आणि ते ऐकलं की तिला दिवसभर बरं वाटायचं.

पंचायतीच्या हॉलात सभा झाली. जबलपूरहून आलेला साहेब हिंदीत बोलला. वरच्या बाजूला नवा हाट बांधला आहे, पक्के गाळे आहेत. एका घराला एक गाळा, एका गाळ्याला एकाच्या नावाचं कार्ड. कुंदा पहिल्या रांगेत पदर खोचून बसली होती. कार्ड आपलंच, यात तिला शंका नव्हती. साहेब पुढे म्हणाला, "बाहर के टूरिस्ट आएँगे, विदेशी आएँगे. तो अंग्रेजी में बातचीत का छोटा-सा टेस्ट होगा."

बाकीचं ऐकायला ती थांबली नाही. खुर्ची मागे सरली, शेजारणीच्या पायावर पाय पडला आणि कुंदा तरातरा हॉलबाहेर गेली. मागे साहेब अजून अर्धा तास बोलत होता. तो काय बोलला ते तिने कुणाला विचारलं नाही. आपला अपमान पुरता ऐकून घेतला आहे, अशी तिची खात्री होती.

हॉलात मागे तिचा धाकटा दीर आल्हाद आणि त्याची बायको मेघना बसून राहिली होती. मेघना जबलपूरजवळच्या रांझीची. बाप फॅक्टरीत, आई घरी, पोरगी बारावी होऊन एक वर्ष कॉलेजला गेलेली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. मराठी तिला कळायची सगळी, पण बोलताना मध्येच हिंदीचा हात धरायची. कुंदाने तिला पॉलिशच्या कामाला लावलं होतं आणि दुकानात बसवलं तर कोपऱ्यात, पाण्याच्या कॅनजवळ.

संध्याकाळी मेघना घडी घातलेला कागद घेऊन चुलीपाशी आली. "ताई, फॉर्म भरला मी. त्यात तुमचं—"

"फॉर्माचं मले काही सांगू नको," कुंदा म्हणाली. "इंग्रजी तुले येते, बोलणारी तू, कार्ड तुझं. मी काहून ऐकू?"

"ताई, तसं नाही आहे. ऐका तो सही."

"भाजी करपून राहिली, पाह्य."

भाजी करपत नव्हती. मेघना कागद घेऊन आत गेली. कुंदाने मुद्दाम मागे वळून पाहिलं नाही.

टेस्टच्या आधी पंधरा दिवसांची शिकवणी होती, रोज दुपारी दोन तास, त्याच हॉलात. आता दुपारचे दोन तास म्हणजे भेडाघाटात गर्दीचे तास. थंडीचे दिवस, बसवर बस येते, माणसं धबधबा पाहून चिंब होऊन वर येतात आणि काहीतरी घेऊन जायचं म्हणून दुकानाशी थांबतात. नेमकं त्या वेळी मेघना साडीची पिन नीट करून, वही छातीशी धरून चढण चढून जायची. कुंदाने एकटीने गिऱ्हाईक सांभाळायचं, एकटीने माल पुसायचा, एकटीने कागदात बांधायचा. लघवीला जायचं तर शेजारच्या कणीसवाल्याला सांगून जायचं. तिच्या बोटांना दगडाच्या पांढऱ्या भुकटीने भेगा पडलेल्या, थंडीत त्या उलून रक्त यायचं. मेघनाच्या बोटांवर आता निळी शाई असायची. कुंदाच्या डोळ्यांत ती शाई खुपायची.

संध्याकाळी घराच्या मागच्या पडवीत पॉलिशचं काम चालायचं. नीलकंठ आणि आल्हाद एका बाजूला छिन्नी-कानस घेऊन, आणि दोघी जावा पाण्याची घमेली पुढे घेऊन. मऊ दगडाचा तुकडा पाण्यात बुडवायचा, घासकागद फिरवायचा, पुन्हा बुडवायचा. शेवटी मेण. हे करताना मेघना तोंडाने इंग्रजी घोकायची. दोन दिवस एकटीच घोकत होती, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "ताई, मॅडम म्हणतात समोर कोणी पाहिजे. तुम्ही गिऱ्हाईक व्हा ना."

"मी?"

"फक्त बसायचं. मी विचारते, तुम्ही यस प्लीज म्हणायचं नाही तर नो थँक यू."

नीलकंठ खोकत खोकत हसला. "हो ना कुंदा. आयुष्यभर विकलं, आता जरा घेऊन पाह्य."

बावीस वर्षं विकणारी बाई आपल्याच पडवीत पाटावर गिऱ्हाईक होऊन बसली. समोर मेघना, ओल्या हातात कासव धरून, मान थोडी वाकवून.

"गुड इव्हनिंग मॅडम. मे आय हेल्प यू?"

"यस प्लीज," कुंदा म्हणाली. तिला आपलाच आवाज परका वाटला.

"वुड यू लाइक टू सी अ टॉर्टॉइज?"

"नो थँक यू."

"शुड आय शो यू अ स्मॉलर वन?"

"अगं, मोठं नाही पाहिजे हे तुले कसं समजलं? मी काय बोलली होती का?"

आल्हाद मोठ्याने हसला. मेघनाही हसली, पण वहीत काहीतरी लिहून घेतलं.

मग ती रोजचीच गोष्ट झाली. मेघना समजावून सांगायची. मॅडमने सांगितलंय, कॅन म्हणजे जमतं का. मे म्हणजे परवानगी मागायची. वुड यू लाइक म्हणजे अदबीनं, तुम्हाला आवडेल का असं. शुड म्हणजे करावं. मस्ट म्हणजे करायचंच, सुटका नाही.

"आपल्या घरात तं मस्टच आहे सारं," कुंदा म्हणाली. "उठायचं मस्ट, पाणी भरायचं मस्ट. मे म्हणून मले कोणी विचारलं नाही आजवर."

"आणि सवाल करायचा तर उलटं करायचं ताई. यू कॅन नाही. कॅन यू."

"म्हणजे आधी काम, मग माणूस."

"बिलकुल!" मेघना खुशीने ओरडली. "ताई, एकदम बरोबर. माझ्या क्लासमध्ये चार जणांना नाही समजलं अजून."

कुंदाला क्षणभर फार बरं वाटलं. आणि बरं वाटलं याचाच तिला राग आला. हिने आपल्याला शाबासकी द्यावी, ही वेळ आली. ती मान खाली घालून दगड घासू लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं की पडवीच्या त्या बाजूचा कानशीचा आवाज थांबला आहे. नीलकंठ हात थांबवून मेघनाकडे बघत होता, शाळेत बक्षीस मिळालेल्या पोरीकडे बाप बघतो तसा. नजरेत वावगं काहीच नव्हतं. पण बावीस वर्षांत कुंदाचं बोलणं ऐकायला त्याने हातातली कानस कधी थांबवली नव्हती. तळपायाची आग मस्तकात गेली तिच्या. तिने घासकागद इतका दाबला की कुंकवाच्या डबीचा काठ उडाला.

शिकवणीला दहा दिवस झाले असतील, कोचीकडचं एक कुटुंब दुकानाशी थांबलं. नवरा-बायको, दोन लहान मुली, सगळे धबधब्याच्या तुषारांनी ओले. रविवार होता, शिकवणी नव्हती, म्हणून मेघना कोपऱ्यात होती. कुंदा पुढे झाली. "यस मॅडम, मार्बल, मार्बल. हॅन्डमेड. यू वॉन्ट एलिफंट?" हेच शब्द तिने बावीस वर्षं वापरले होते आणि या शब्दांवर तिने जपानी माणसाला नंदी विकला होता. बाईने हसून मान हलवली आणि काहीतरी लांबलचक विचारलं. कुंदाला त्यातलं 'लॅम्प' एवढंच कळलं.

मागून मेघनाचा आवाज आला. "वुड यू लाइक टू सी द लॅम्प विथ द लाइट इनसाइड, मॅडम?"

बाईचा चेहरा उजळला. मेघनाने मोबाईलचा टॉर्च दगडी दिव्याच्या पोटात धरला, दिवा आतून पिवळसर गुलाबी पेटला, मुली आनंदाने ओरडल्या. मेघना विचारत गेली, बाई सांगत गेली. तीन दिवे गेले, एक नंदी गेला. बांधून द्यायचं काम अर्थात कुंदाकडे आलं, कारण मेघनाने बांधलेला माल घरी पोचेपर्यंत टिकत नाही. कुंदा खाली बसून वर्तमानपत्रात दिवे गुंडाळत होती तेव्हा बाईने मेघनाला फोटोसाठी जवळ ओढलं. नवऱ्याने मोबाईल वर केला, मग खाली केला, आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, "आंटी, थोडा साइड."

कुंदा बसल्या बसल्या सरकली. गुडघा फळीवर आपटला. स्वतःच्या दुकानात, स्वतःच्या हाताने लावलेल्या मालापुढे ती साइडला झाली आणि फोटो निघाला.

त्या दिवशी तिने पाटावर बसायला नकार दिला. डोकं दुखतं म्हणाली. मेघनाने डोक्याला लावायला बाम आणून दिला, तो तिने न लावता उशाशी ठेवला. आतल्या खोलीत पडल्या पडल्या तिला पडवीतून आवाज येत होता. मेघना आल्हादला गिऱ्हाईक करून बसली होती. आल्हाद भलतीच उत्तरं देत होता. आणि कुंदाच्या ओठांवर, तिची इच्छा नसताना, बरोबर उत्तरं येत होती. यस, यू मे. नो, आय वुड नॉट. तिने तोंडावर पदर घेतला.

टेस्टच्या आदल्या संध्याकाळी जेवताना नीलकंठ सहज बोलून गेला. "मेघना बसेल हाटात. तू घरी पॉलिश पाह्य आता. तुझे गुडघेही दुखतात, थंडीत काहून खाली उतरायचं?"

त्याला वाटलं आपण बायकोची काळजी केली. कुंदाने भाकरीचा तुकडा ताटात तसाच ठेवला. मेघना घाईने म्हणाली, "दादा, असं काही नाही ठरलं. ताई, एक सांगू?"

"नको," कुंदा म्हणाली.

आता हत्तीची गोष्ट सांगायला पाहिजे. मऊ दगड कोरताना कधी हत्तीची सोंड तुटते, कधी नंदीचा कान. तुटलेला माल टाकून देण्याइतकी ऐपत कुणाची असते? दगडाची भुकटी चिकटीत कालवून तुकडा बसवायचा, घासायचा, वर मेण फिरवायचं. जोड करणाऱ्यालाही दिसत नाही. मात्र अशा मालाच्या तळाला खिळ्याने एक तिरपी खूण करायची, हा सासूबाईंचा नेम होता. खुणेचा माल पूजेला द्यायचा नाही, ओळखीच्या माणसाला द्यायचा नाही, जो पुन्हा येईल त्याला द्यायचा नाही. बस सुटायची वेळ झालेल्या घाईच्या गिऱ्हाइकाला द्यायचा. पाण्यात बुडला की जोड सुटतो, पण तोवर बस नागपूर ओलांडून गेलेली असते. सासूबाईंनी ही खूण कुंदाला दाखवली होती, मुलांनाही नाही. कुंदाने ती मेघनाला दाखवली नव्हती. आपल्याजवळ, फक्त आपल्याजवळ, एवढी तरी गोष्ट असावी.

टेस्टला प्रत्येकाने घरचा सहा नग माल न्यायचा होता. सकाळी धुकं होतं, हातपाय गारठलेले. पेटीत पेंढा अंथरून कुंदा माल लावत होती. कासव, दोन डब्या, दिवा, नंदी. सहावा हत्ती. चांगला हत्ती फळीवर होता आणि त्याच्या शेजारी खुणेचा. कुंदाने चांगल्याकडे हात नेला आणि खुणेचा उचलला.

टेस्टला कुणी पाणी लावलं आणि सोंड निखळली तर गाळाच जाईल, घर उघड्यावर येईल, हे तिला कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण गाळा गेला तर सगळ्यांचाच जाईल. मग पुन्हा कुठेतरी ताडपत्री टाकायची, पुन्हा जमिनीवर बसायचं, आणि जमिनीवर बसून माल विकायचं झालं तर कुंदासारखी दुसरी कोण आहे? तिने हत्ती पेंढ्यात दाबला आणि वरून वर्तमानपत्र टाकलं. मत्सर झाला होता तिला, दुसरा शब्द नाही. पाठच्या बहिणीसारखी वागणाऱ्या पोरीचा मत्सर.

पेटी जड होती. नीलकंठला रात्रभर खोकला, आल्हादला मोठ्या मूर्तीचं काम होतं. म्हणून मेघनाबरोबर कुंदाच गेली. बसमध्ये पेटी तिच्या मांडीवर. मेघना खिडकीशी बसून पुटपुटत होती. रस्त्याच्या खड्ड्यात बस आपटली की कुंदाचे हात आपोआप पेटीला घट्ट धरायचे, आणि मग तिला आपल्याच हातांचं नवल वाटायचं. आत काय ठेवलं आहे ते हातांना जणू माहीतच नव्हतं.

जबलपूरच्या त्या हॉलबाहेर व्हरांड्यात चाळीस-पन्नास माणसं होती. बांगड्यांवाले, बांबूच्या टोपल्यांवाले, दगडवाले. सगळ्यांचे ओठ हलत होते. मेघनाने कुंदाची बाही धरली.

"ताई, एकदा गिऱ्हाईक व्हा ना. एकदाच. सगळं भूलून राहिली मी."

कुंदाने तिच्याकडे पाहिलं. कपाळावर घाम, डोळे घाबरलेले. तेवढ्या वेळात सांगता आलं असतं. पेटी उघडून हत्ती काढून ठेवायचा, बस. कुंदा म्हणाली, "विचार."

"मे आय हेल्प यू, मॅडम?"

"यस प्लीज."

"वुड यू लाइक टू... वुड यू लाइक..."

"टू सी," कुंदा हळूच म्हणाली.

"टू सी द एलिफंट?"

कुंदाची नजर पेटीकडे गेली. "यस," ती म्हणाली. आतून मेघनाच्या नावाचा पुकारा झाला.

हॉलमध्ये एका टेबलामागे दोन बाया बसल्या होत्या. एक शिकवणीच्या संपदा मॅडम, दुसऱ्या बाहेरून आलेल्या, पिकल्या केसांच्या, चष्मेवाल्या. टेबलावर पाण्याचा जग आणि पेले. कुंदा मागे भिंतीला लावलेल्या खुर्चीवर बसली. मेघनाने माल टेबलावर मांडला आणि मान थोडी वाकवली. बाहेर सगळं विसरलेली पोरगी आत गेल्यावर नीट बोलू लागली. मे आय, वुड यू, शुड आय. पिकल्या केसांच्या बाई टूरिस्ट झाल्या होत्या आणि भलतंसलतं विचारत होत्या. हे कुणी बनवलं, किती दिवस लागतात, माझी मुलगी सहा वर्षांची आहे, तिला काय न्यावं. मेघना न अडखळता उत्तरं देत होती, उलट प्रश्न विचारत होती. संपदा मॅडम कागदावर खुणा करत होत्या.

मग बाईंनी हत्ती उचलला. सोंडेवरून बोट फिरवलं. "इट्स ब्युटिफुल. बट इट लुक्स डस्टी. कॅन आय वॉश इट?" आणि त्यांनी जगाकडे हात नेला.

कुंदा खुर्चीच्या कडेला सरकली. तिला शब्दन् शब्द कळला होता.

मेघनाने अदबीने हत्ती बाईंच्या हातातून घेतला. "जस्ट अ मिनट, मॅडम." घेताना तिचा अंगठा तळाखाली गेला आणि तिथेच थांबला. तीन वर्षं ती रोज शेकडो तळ घासत होती. खुणेचा माल वेगळ्या फळीवर जातो, घाईच्या गिऱ्हाइकाला जातो, हे कुणी न सांगता तिने केव्हाच ओळखलं होतं. कुंदाला हे त्या क्षणी, त्या थांबलेल्या अंगठ्यावरून समजलं.

मेघनाने मागे वळून पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर कुंदाला परवडलं असतं. त्या नजरेत नुसतं एवढंच होतं की हा माल तुम्ही भरलात, आणि तुमच्या हातून असं चुकून होत नाही.

मग ती टेबलाकडे वळली. "सॉरी मॅडम. आय कॅनॉट सेल यू धिस वन. इट वॉज ब्रोकन, अँड वी रिपेअर्ड इट. यू मस्ट नॉट वॉश इट. मे आय शो यू अनदर?"

दोघी बाया एकमेकींकडे बघून हसल्या. पिकल्या केसांच्या बाईंनी चष्मा काढला. "यू आर ऑनेस्ट," त्या म्हणाल्या, आणि हिंदीत संपदा मॅडमना म्हणाल्या, "बस, और क्या पूछना है इससे? पास है."

कुंदा भिंतीशी बसून सगळं ऐकत होती. एकही शब्द न कळता ही गोष्ट घडली असती तर किती बरं झालं असतं. पण ती आठ-दहा संध्याकाळी समोर बसली होती. ब्रोकन कळलं, मस्ट नॉट कळलं, ऑनेस्टही कळलं.

शेजारच्या खोलीत एक बाबू कार्डाचे कागद करत होता. मेघनाने पुढे होऊन निकालाची चिठ्ठी दिली. बाबूने गठ्ठ्यातून फॉर्म काढला, चष्म्यावरून पाहिलं.

"कार्डधारक, कुंदा नीलकंठ. आप हैं कुंदा?"

"नहीं," मेघना म्हणाली. "ये हैं."

कुंदा पुढे आली. फॉर्म हिंदीत होता. चौथीपर्यंत शिकलेल्या कुंदाला आपलं नाव वाचता येत होतं. वरच्या रकान्यात, मेघनाच्या गोल अक्षरात, निळ्या शाईत तेच लिहिलेलं होतं. खाली छोट्या रकान्यात, संवाद करनेवाला सदस्य, मेघना आल्हाद.

"बोलनेवाला कोई भी हो घर का," बाबू सवयीने सांगत होता. "कार्ड जिसके नाम चाहो. पुराना बैठनेवाला हो तो अच्छा, मीटिंग में बताया था."

कुंदाच्या कानात हॉलमधली ती मागे सरलेली खुर्ची वाजली. ती मेघनाकडे वळली. "तू... आधी काहून नाही सांगितलं?"

"सांगत होते ताई," मेघना म्हणाली. "फॉर्म भरला त्या दिवशी सांगत होते. काल जेवताना पण."

"चढ़ा दूँ?" बाबूने विचारलं. "एक बार चढ़ गया तो पाँच साल नाम नहीं बदलेगा."

मेघनाने फॉर्मवरच्या नावावर बोट ठेवलं. कुंदाला बोलायचं होतं. चुकलं म्हणायचं होतं, त्या पोरीचे हात धरायचे होते. पण तिने नुसता पदर सावरला. मागे रांगेतला टोपलीवाला पाय बदलत उभा होता.

"एक मिनट," मेघना म्हणाली. "वो नाम काट दीजिए. कार्ड मेघना आल्हाद के नाम से बनाइए."

"पक्का?"

"पक्का."

बाबूने पट्टी ठेवून कुंदाच्या नावावर सरळ रेघ ओढली आणि वर नवं नाव लिहिलं. रेघ ओढताना पेनाचा आवाज झाला. कुंदा त्या कागदाकडे बघत राहिली.

"हत्तीचं घरी कोणाला काही नाही सांगणार मी," मेघना अगदी हळू, मराठीत म्हणाली. "दादांना पण नाही. तुम्ही घाबरू नका."

बाबूने फॉर्म उलटला. "साथ में बैठनेवाला कोई? सहायक का कॉलम है. भरना जरूरी है."

"कुंदा नीलकंठ," मेघना म्हणाली.

बाबूने लिहिलं. मग पेन कुंदापुढे धरत त्याने शाईच्या पॅडकडे मान वळवली. "अंगूठा?"

"नाही," कुंदा म्हणाली. "सही येते मले."

मेघनाने कागद तिच्यापुढे सरकवला आणि बोटाने जागा दाखवली. "इथं, ताई." भेगा पडलेल्या बोटांत पेन नीट धरवत नव्हतं. कुंदाने सहायकाच्या रकान्यात एकेक अक्षर लावत आपलं नाव लिहिलं, आणि बाबूने कागद ओढून घेत पुढच्याला हाक मारली.